रानडुकरासाठी कोणती रायफल?



रहाटणीच्या एका वाचकांची जमीन मावळात आहे. भातात रानडुकरे घुसतात, तेव्हा ३१५ बोअरची रायफल घ्यावी की थर्टी-ओ-सिक्स, असे ते विचारतात.

दोन्ही रायफली इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या. दोन्हींत दर बाराला हाताने बोल्ट ओढावा लागतो. ३१५ ची गोळी जड, वेग बेताचा. ‘के.एफ.’ खुणेची तिची काडतुसे आपल्या खडकीची. थर्टी-ओ-सिक्सचे काडतूस मूळ अमेरिकन सैन्याचे, १९०६ सालचे. वेग जास्त, खांद्याला धक्काही जास्त. दोहोंतली ३१५ बरी.

पण पिकाच्या राखणीला दोन्ही नकोत. नेम चुकला तर रायफलीची गोळी दोन-दोन किलोमीटर जाते. अंधारात डुकरामागे कोणाची खोपी आहे, की चाकणहून पाळी संपवून येणारा कामगार, हे दिसत नाही. पीकरक्षणासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यात उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा.

शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुकराला संरक्षण आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून मारल्यास गुन्हा होतो.

तेव्हा नुकसान होताच तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा, पंचनामा करून भरपाई मागावी. शेजाऱ्यांनी मिळून सौर कुंपण घालावे. तारेत घरची वीज मात्र कदापि सोडू नये. त्यात डुकराआधी घरचेच माणूस जाते.