चकमक नव्हे, यादवी

बस्तर भिलाईपासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. २००५ मध्ये तिथे सलवा जुडूम सुरू झाले आणि आदिवासीच आदिवासींपुढे बंदूक घेऊन उभे ठाकले. यादवी याहून वेगळी काय असते? आदिवासी तरुणांना असे सशस्त्र करणे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवले. दप्तरातला शब्द मात्र ‘चकमक’च राहिला. सारकेगुड्यात जून २०१२ मध्ये १७ जण मारले गेले, नक्षलवादी म्हणून. तसा पुरावा नाही, हा न्यायिक आयोगाचा निष्कर्ष २०१९ मध्ये उजेडात आला. सेवेत असताना अशा कागदांवर मीही सह्या केल्या आहेत, म्हणूनच म्हणतो: ग्रामस्थ, जवान, माओवादी अशा सर्व मृतांची गावनिहाय एकच यादी शासनाने करावी. साक्षीदार म्हातारे होत आहेत.