गोळी, गाडी आणि पाचवी आज्ञा



मध्यंतरी एका रविवारी मिस्साबलिदानानंतर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ माझ्याकडे आला. हैदराबादेत भाड्याची मोटार चालवून तो गावाकडील संसार सांभाळतो. मधुमेहामुळे त्याच्या पायांची आग होते. त्यावर डॉक्टरांनी रात्री घ्यावयाची एक गोळी दिली आहे. तो म्हणाला, "फादर, गोळी घेतली तर सकाळी डोळे मिटतात, न घेतली तर पाय भाजतात. म्हणून कामाच्या दिवसांत मी ती घेतच नाही. यात पाप आहे काय?"

मी विचारले, "तुम्ही मोटार चालवता हे डॉक्टरांना ठाऊक आहे काय?" त्याने मान खाली घातली. डॉक्टर गाडी बंद करावयास सांगतील या भीतीने त्याने आपला धंदाच लपविला होता.

ही भीती मला कळते. चाक थांबले की चूल थांबते. परंतु हैदराबादभोवतालच्या १५८ किलोमीटरांच्या वर्तुळाकार रस्त्यावर भरधाव जाताना डोळा क्षणभर लागला, तरी कोणाच्या तरी घरची चूल कायमची विझते.

नसांच्या दुखण्याची, फेफऱ्याची, झोपेची आणि सर्दीचीदेखील काही औषधे गुंगी आणतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबविले, तर रक्तातील साखर उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बुद्धी भ्रमते. रक्तदाबाच्या औषधाने कधी भोवळ येते. औषध नवे असताना किंवा त्याचे प्रमाण बदलताना धोका विशेष असतो आणि मद्य त्यात भर घालते. मात्र स्वतःच्या मनाने औषध सोडणे हा उपाय नव्हे. फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद केल्यास झटका उसळून येतो.

देवाची पाचवी आज्ञा केवळ शस्त्र उचलणाऱ्यासाठी नाही. मद्यपानाने किंवा वेगाच्या हव्यासाने रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथोलिक धर्मशिकवण सांगते. जाणूनबुजून गुंगीत चाक धरणारा यापासून फारसा दूर नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८६ वे कलमही, आपला आजार लोकांना धोक्याचा आहे हे ठाऊक असूनही वाहन चालविणाऱ्यास दोषी ठरवते. परवान्याच्या अर्जात फेफरे किंवा अकस्मात शुद्ध हरपणे यांविषयी स्पष्ट विचारलेले असते. तेथे खोटे लिहिणे म्हणजे आठवी आज्ञाही मोडणे होय.

आमचा गृहस्थ डॉक्टरांकडे गेला आणि सर्व खरे बोलला. त्यांनी औषधाचे प्रमाण व वेळ बदलून दिली आणि काही दिवस गाडी चालवू नये असे बजावले. तेवढी मजुरी बुडाली, उसनवारी झाली. आज तो गोळीही घेतो आणि गाडीही चालवतो. सर्वांचेच असे होईल असे नाही. कोणाला चाक कायमचे सोडावे लागेल. अशा घराला दुसरे काम मिळवून देणे हे आपणां शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे. नुसती हळहळ पुरी नाही.

म्हणून डॉक्टरांसमोर बसताच प्रथम आपला धंदा सांगा. दुचाकी चालवणाऱ्यांनीही हे विसरू नये. जेवण चुकवू नका, गाडीत साखर ठेवा, डोळे जड झाल्यास गाडी बाजूला घ्या. आणि मातांनो, मुलगा शहरातून फोन करील तेव्हा "पैसे पाठवलेस का?" याआधी "गोळी घेतलीस का? झोप नीट झाली का?" एवढे अवश्य विचारा.

प्रभू तुम्हां सर्वांस सुखरूप घरी आणो.