आधीच ठरलेले, की केवळ आधीच ठाऊक?

१/ येशूच्या अटकेची रात्र. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र आपल्याला तीनदा नाकारील, असे येशूने सांगून ठेवले होते. पेत्राने छातीठोकपणे ते अमान्य केले आणि त्याच रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात, शेकोटीपाशी, 'या माणसाला मी ओळखत नाही' असे तीनदा म्हटले. मग कोंबडा आरवला आणि पेत्र रडला. भाकीत चुकणे शक्यच नव्हते, तर पेत्राचा अपराध कोणता? आणि अपराध खरोखर त्याचा असेल, तर भाकीत खोटे पाडणे त्याच्या हाती होते असे मानावे लागते. मग ईश्वराच्या ज्ञानाचे काय?

२/ मराठी वाचकाला येथे सटवाईने कपाळी लिहिलेला लेख आठवेल. पण तुलना फार पुढे जात नाही. कर्मसिद्धांतात प्रारब्ध हे ज्याचे त्यानेच पूर्वजन्मी मिळवलेले असते. ख्रिस्ती श्रद्धेत पूर्वजन्म नाही. ज्याने माणूस घडवला, त्यालाच त्या माणसाचे पतन ठाऊक होते आणि न्यायनिवाडाही तोच करणार. पेच बसतो तो तिथे.

३/ एक जुने उत्तर कारागृहातून आले. रोमन मुत्सद्दी बोएथियस याला ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकने इ. स. ५२४ च्या सुमारास ठार केले. त्यापूर्वी लिहिलेल्या ग्रंथात तो म्हणतो, की ईश्वर काळाच्या बाहेर आहे; भूत, वर्तमान, भविष्य त्याला एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. चालणाऱ्याकडे कोणी पाहिले म्हणून त्याचे चालणे सक्तीचे होत नाही. उत्तर सुंदर आहे, पण अपुरे. ईश्वर हा नुसता प्रेक्षक नाही, निर्माताही आहे. शिवाय पेत्राला जे सांगितले गेले, ते काळाच्या बाहेर नव्हे, काही तास आधी.

४/ सुमारे हजार वर्षांनंतर, १५८८ मध्ये, लिस्बनला लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाचा 'कॉन्कॉर्डिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ 'सुमेळ': इच्छास्वातंत्र्य आणि ईश्वरी पूर्वज्ञान यांचा. (१६१६ मध्ये राशोल येथे मराठीत 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स याच संघाचे.)

५/ मोलिनाची कल्पना विलक्षण होती. काय काय संभवते हे ईश्वर जाणतो. प्रत्यक्षात काय होणार हेही जाणतो. या दोहोंच्या मध्ये त्याने तिसरे ज्ञान ठेवले: अमुक माणूस अमुक परिस्थितीत स्वेच्छेने काय करील, याचे. त्याचे नाव 'मध्यम ज्ञान'. आधाराला जुन्या करारातील कईला नगराची कथा होती. दावीद विचारतो, 'शौल येथे चालून येईल काय? नगरवासी मला त्याच्या हाती देतील काय?' उत्तर मिळते, होय. दावीद निघून जातो. शौल येत नाही, कोणी कोणाला धरून देत नाही. जे घडलेच नाही, तेही ईश्वराला ठाऊक होते! म्हणजे जाणणे आणि घडवणे यांत अंतर आहे. पेत्र डगमगेल हे ईश्वराने ठरवले नाही. त्या अंगणात, त्या भीतीत पेत्र काय करील, हे त्याने जाणले.

६/ विरोधात उभा राहिला सालामांकाचा डॉमिनिकन प्राध्यापक दोमिंगो बान्येस, आविलाच्या संत तेरेसाचा एक पापनिवेदन-गुरू. त्याचा आक्षेप मर्मभेदी होता. माणसाचा निर्णय ईश्वराला 'कळतो' म्हटले, की ईश्वर माणसावर अवलंबून राहिला. बान्येसच्या मते प्रत्येक कृतीची पहिली प्रेरणा ईश्वराचीच असते आणि ईश्वर इच्छेला अशा रीतीने हलवतो, की तिचे स्वातंत्र्य अबाधित राहते. जेझुइट विचारत: मग पापाची प्रेरणा कोणाची? डॉमिनिकन विचारत: मग तारणाचे श्रेय कोणाचे? दोन्ही प्रश्न रास्त होते, हीच अडचण.

७/ वादाची ठिणगी १५८२ मध्येच सालामांकात पडली होती. ग्रंथ आल्यावर प्रकरण रोमला गेले. पोप आठवा क्लेमेंट याच्या समितीने १५९८ मध्ये ग्रंथावर बंदीची शिफारस केली, तरी निर्णय झाला नाही. पुढे पोप स्वतः बैठकांना बसू लागला. मोलिना १६०० मध्ये वारला, बान्येस १६०४ मध्ये, क्लेमेंट १६०५ मध्ये, वाद जिवंतच. अखेर १६०७ मध्ये पाचव्या पॉलने जाहीर केले, की दोन्ही पक्षांनी आपापले मत शिकवावे, कोणी कोणाला पाखंडी म्हणू नये. निकाल योग्य वेळी दिला जाईल.

८/ या निर्णयाची थट्टा करणे सोपे आहे. इतक्या वर्षांच्या काथ्याकुटानंतर तारीख पे तारीख! परंतु तो युरोपच्या धार्मिक इतिहासातील थोड्या शहाण्या निर्णयांपैकी एक होता. हे पटण्यासाठी ज्यांनी निकाल दिला, त्यांच्याकडे पाहावे.

९/ हाच प्रश्न त्याच काळात प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये पेटला. लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस म्हणे, की कोण विश्वास ठेवील हे ईश्वर आधी जाणतो आणि त्यानुसार निवडतो. त्याचा सहकारी गोमारस म्हणे, की निवड आधी, विश्वास हे तिचे फळ. नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्ड्रेख्ट येथे धर्मसभा भरली. मे १६१९ पर्यंत तिने आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध निःसंदिग्ध निवाडा दिला. सुमारे २०० धर्मोपदेशकांची पदे गेली. त्यांचा पाठीराखा, प्रजासत्ताकाच्या उभारणीत आयुष्य घालवलेला ओल्डनबार्नेफेल्ट, १३ मे १६१९ रोजी हेगमध्ये शिरच्छेदाला सामोरा गेला. वय ७१. विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये पत्नीने त्याला ग्रंथांच्या पेटीत लपवून किल्ल्याबाहेर काढले.

१०/ ओल्डनबार्नेफेल्टचा बळी केवळ धर्मशास्त्राने घेतला नाही, हे मान्य करायला हवे. स्पेनशी केलेला तह, प्रांतांचे अधिकार, राजपुत्र मॉरिट्सशी वैर हे सगळे त्यात होते. पण 'खरे मत कोणते' हे एकदा ठरले, की दुसरे मत बाळगणारा शत्रू ठरवणे राजकारणाला किती सोपे जाते, तेही त्यात दिसते.

११/ पाचवा पॉल उदारमतवादी नव्हता. व्हेनिसशी झालेल्या संघर्षात जेझुइट त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १६०६ मध्ये तेथून हद्दपार झाले. त्यांना लगेच दोषी ठरवणे त्याला परवडणारे नव्हते. १६११ मध्ये तर कृपेच्या या वादावर परवानगीवाचून ग्रंथ छापण्यासही मनाई झाली. म्हणजे त्या शहाणपणात धाकही होता. पुढे जान्सेनचे अनुयायी आणि पास्कल यांच्या काळात वाद पुन्हा उफाळला. तरीही १६०७ ची मूळ भूमिका टिकली: दोन परस्परविरोधी उत्तरे, दोन्ही एकाच चर्चमध्ये. मध्यम ज्ञानावर तत्त्वज्ञ आजही भांडतात. त्यासाठी कोणाला पेटीत लपावे लागत नाही.

१२/ 'योग्य वेळी' देऊ केलेला तो निकाल चारशेहून अधिक वर्षांत एकाही पोपने दिलेला नाही.