गायरान कोणाचे? विळ्याचे की ट्रॅक्टरचे?

पावसाळा ओसरून आश्विनाचे ऊन तापू लागले, की माळव्याच्या पठारावरील गवताचा हिरवा रंग उतरू लागतो आणि कापणीचे दिवस येतात. नेमक्या याच सुमारास, दसरा-दिवाळीचा मुहूर्त साधून, इंदूर, देवास, धार, उज्जैन या टापूतील शेतकरी नवा ट्रॅक्टर दारात आणतात. त्याला हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ घातली जाते, नारळ फुटतो. काळ्या मातीत नांगर ओढणारे हे यंत्र आता गवतही कापू शकते. मागच्या बाजूस कापणीचे पाते जोडले, की विळ्याने दिवसभर राबूनही एकराचा जो थोडासा तुकडा उरकतो, त्याच्या कितीतरी पट काम तासाभरात होते. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. आमचेही उत्तर असे, की ट्रॅक्टरात वाईट काहीच नाही. प्रश्न आहे तो गवताच्या मालकीचा.

इंदूरच्या गवताची चर्चा सागरकाठच्या दैनिकाने का करावी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. माळवा आम्हांला परका नाही. होळकरांच्या राजवटीमुळे मराठी भाषा तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि १९५५ च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीसाठी देह ठेवणारे राजाभाऊ महाकाळ याच माळव्यातील उज्जैनचे. शिवाय गायरानाचा प्रश्न जेथे जेथे गाव आहे तेथे तेथे आहे. माळव्यात तो अधिक ठळक दिसतो, इतकेच.

गवत, गुरे आणि शेत यांचे नाते किती घट्ट असते, हे ज्या ठिकाणाहून जगाला नव्याने समजले ते ठिकाणही इंदूरच होय. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील वनस्पती संशोधन संस्थेत शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्या थरांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती देशोदेशी गेली. १९३१ साली या विषयावर जो ग्रंथ निघाला, त्याचे सहलेखक यशवंत वाड हे होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. त्या पद्धतीचा पाया काय होता? गुरे टिकली तर शेण मिळेल आणि शेण मिळाले तर माती टिकेल. ती गुरे गावाच्या सामाईक चराऊ रानावरच जगत होती.

माळव्यात या रानाला ‘चरनोई’ म्हणतात. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या जमीन महसूल कायद्याने गावकऱ्यांच्या निस्तारासाठी, म्हणजे चराई, सरपण, गवत यांसारख्या गरजांसाठी, जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. पुढे सोयाबीनचे दिवस आले. १९७० नंतर या पिकाने माळव्याचे रूप पालटले, इतके की १९८७ साली देशाचे सोयाबीन संशोधन केंद्रच इंदूरला स्थापन झाले. पिकाला पैसा आला, जमिनीला भाव आला, आणि पडीक दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याकडे नांगराची नजर वळली. शतकाच्या वळणावर दिग्विजयसिंह यांच्या सरकारने चरनोईचे प्रमाण साडेसात टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने दोन टक्क्यांवर आणले आणि मोकळी झालेली जमीन भूमिहीन दलित-आदिवासींना देण्याचे धोरण आखले. भूमिहीनाला जमीन मिळावी, या हेतूला आमचा विरोध असणे शक्य नाही. परंतु ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याच्याच दोन शेळ्या आणि एक गाय सर्वांत अधिक चरनोईवर अवलंबून असतात, याचा हिशेब त्या वेळी पुरेसा झाला नाही. एकाला दिलेला तुकडा दहा जणांच्या चराईतून कापला गेला. श्रीमंतांची अतिक्रमणे मात्र बहुतेक ठिकाणी जागच्या जागी राहिली.

आता या उरल्यासुरल्या रानात ट्रॅक्टर शिरतो तेव्हा काय होते, ते पाहावे. विळा प्रत्येकाच्या हाती असतो. एका बाईला एका दिवसात जेवढा भारा डोक्यावर नेता येईल, तेवढाच तिचा वाटा. दुसऱ्या दिवशीही गवत शिल्लक असते आणि तिसऱ्याच्याही वाट्याला येते. विळ्याच्या संथपणातच वाटपाचा न्याय होता. कोणी तो लिहून ठेवला नव्हता, पण तो पाळला जात होता. ट्रॅक्टर ही मर्यादा मोडतो. ज्याच्या दारी तो उभा आहे तो एका दिवसात अख्खे रान साफ करू शकतो, गवत सुकवून गंजी रचू शकतो आणि उन्हाळ्यात तेच गवत शेजाऱ्याला विकू शकतो. कायद्याच्या कागदावर गायरान सामाईकच राहते. व्यवहारात ते एका पात्याचे होते. शिवाय कापणीचे पाते काढून त्या जागी नांगर जोडायला काही मिनिटेच लागतात. आज गवत कापणारे यंत्र उद्या तेच रान उलथून टाकते आणि परवा तेथे सोयाबीन उभे राहते.

दुसरी बाजू त्या रानातील मुक्या जिवांची आहे. धार जिल्ह्यातील सरदारपूर आणि रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे १९८३ साली खरमोर पक्ष्यासाठी अभयारण्ये जाहीर झाली. मराठीत आपण त्याला तणमोर म्हणतो. हा पक्षी पावसाळ्यात उंच गवतात येतो. नर गवतावर उड्या घेऊन मादीला बोलावतो आणि मादी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ही जात आज जगातून नाहीशी होण्याच्या काठावर आहे. विळ्याने कापणारा माणूस घरटे पाहून थांबतो. फिरते पाते थांबत नाही.

स्कॉटलंडमध्ये हेच घडले होते. गवतात राहणारा कॉर्नक्रेक नावाचा पक्षी यांत्रिक कापणीपुढे इतका मागे हटला, की १९९३ च्या गणनेत संपूर्ण ब्रिटनमध्ये पाचशेदेखील नर भरले नाहीत. त्यावर उपाय म्हणून यंत्रावर बंदी घातली गेली नाही. कापणी काही आठवडे पुढे ढकलायची आणि कडेपासून आत येण्याऐवजी मध्यापासून बाहेर कापत जायचे, एवढे दोनच नियम शेतकऱ्यांनी मोबदला घेऊन पाळले. पिलांना पळायला वाट मिळाली आणि पुढील दोन दशकांत संख्या हजारावर गेली. त्यानंतर ती पुन्हा काहीशी घटली, म्हणजे राखण सैल करून चालत नाही, हेही त्यातून दिसले.

माळव्यात प्रश्न याहून अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. कुसळी गवताला कुसळे धरली की ते गुरांच्या तोंडाला टोचते. मारवेलसारखे उत्तम गवत फुलोऱ्यावर असतानाच कापले तर त्यात कस राहतो. उशीर केला तर चारा निकृष्ट, घाई केली तर पक्षी मरतो. सरदारपूरच्या शेतकऱ्यांनी अभयारण्याच्या नावाखाली स्वतःच्या जमिनी विकण्याचीही मोकळीक दशकानुदशके गमावली, तेव्हा त्यांच्यापुढे पुन्हा पक्षिप्रेमाची प्रवचने करणे हा अन्यायच ठरेल. म्हणून गावाजवळचे रान आधी कापावे, जेथे पक्षी उतरतात ते शेवटी कापावे, आणि त्या विलंबाने चाऱ्याचे जे नुकसान होईल ते सरकारने भरून द्यावे. खरमोराची खबर देणाऱ्या व घरटे जपणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याचा प्रयोग सैलान्याकडे झालेला आहे. त्याच वाटेने पुढे गेले पाहिजे.

सामाईक रानाचे रक्षण ही केवळ भावनेची बाब नाही. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याच्या योजना आखण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींच्या बाबतीत सवलतीस जागा ठेवण्याचे तारतम्यही न्यायालयाने दाखविले. आदेश आहे, कायदा आहे. उणीव आहे ती अंमलाची. ज्यांनी अतिक्रमणे हटवायची तेच अनेकदा अतिक्रमकांचे सोयरे असतात. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची?

आमचे मत स्पष्ट आहे. गायरानात ट्रॅक्टर येऊ द्यावा, परंतु तो गावाचा चाकर म्हणून यावा. कापणीचा दिवस ग्रामसभेने ठरवावा. यंत्र कोणाचेही असो, भाडे पंचायतीने द्यावे आणि गवताची वाटणी गुरांच्या मालकांत व्हावी. ज्यांच्यापाशी जमीन नाही त्यांच्यासाठी रानाचा एक भाग विळ्याकरिताच राखून ठेवावा. बी पडून पुढल्या वर्षी गवत उगवावे यासाठी एक पट्टा न कापता सोडावा. आणि गायरानाच्या हद्दीत नांगर लागला, तर त्या ट्रॅक्टरच्या मालकावर त्याच आठवड्यात कारवाई व्हावी, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना.

आपल्या गोमंतकातही गावकऱ्यांच्या जमिनी एकेकाळी गावाने एकत्र राखल्या, त्यांचे बांध एकत्र बांधले. त्या जमिनींवर आज कोणाची घरे आणि कोणाची कुंपणे उभी आहेत, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. माळव्यातील गवताची चिंता करताना आपल्या गावच्या नकाशावरील सामाईक जमिनीचा सर्व्हे क्रमांक ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला सांगावा. येत्या ग्रामसभेपासूनच त्याची सुरुवात व्हावी.