नैराश्याची गोळी आणि डोळ्यामागची कळ
एका डोळ्यामागे तापलेली सळई खुपसावी तशी कळ, त्याच डोळ्याला धार, नाक चोंदलेले. रुग्णाला आडवे पडवत नाही. तो येरझारा घालत राहतो. 15 मिनिटे ते 3 तास, कधी दिवसातून आठ वेळा. ही क्लस्टर डोकेदुखी. अर्धशिशी समजून तिच्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची गोळी दिली, तर रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात. अर्धशिशीत ही गोळी खरोखर गुण देते, आणि ती घेतल्याने कोणी मनोरुग्ण ठरत नाही. पण क्लस्टरमध्ये तिच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. झटके टाळण्यासाठी आधी व्हेरापामिल, ईसीजीवर लक्ष ठेवून. मनोविकारांतले लिथियमही चालते, मात्र रक्ततपासणी चुकवून चालत नाही. चालू झटक्यावर मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत मिनिटाला 12 लिटर ऑक्सिजनने 15 मिनिटांत 78 टक्के झटक्यांत आराम पडला, साध्या हवेने 20 टक्क्यांत. घरगुती कॉन्सन्ट्रेटरचा पाच लिटरचा प्रवाह इथे तोकडा पडतो. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर सिलिंडर, मास्क आणि प्रवाह स्पष्ट लिहावा, आणि विमा कंपन्यांनी तो खर्च विनातक्रार द्यावा.