कोंबडीचा वाली कोण?

प्राण्यांवर दया करायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही, अशी आपली समजूत आहे. देशावर पोळ्याला बैल सजतात, वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, आणि आमच्या मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत बैलांचा मोठा बाजार भरतो. कोंबडीच्या वाट्याला मात्र एकच सण आला, तो म्हणजे गटारी! विनोद सोडा, पण प्राणिरक्षणाच्या चळवळीची वाटचालही काहीशी अशीच झाली आहे.

मुंबईत प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी संस्था निघाली १८७४ साली. परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय १८८३ चे. विनोबांच्या सांगण्यावरून १९८२ साली देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला, तो गाई-बैलांसाठी. दावणीच्या जनावराला अशी माणसे भेटत गेली. खुराड्यातल्या जिवाचा विचार मात्र अलीकडचा. स्पेनमध्ये २००६ साली सुरू झालेली ‘ॲनिमल इक्वॅलिटी’ आज भारतातही काम करते. २०१० साली ‘फियापो’ हा प्राणिसंस्थांचा देशव्यापी महासंघ उभा राहिला. जुलै २०१७ मध्ये तर विधी आयोगाने आपला २६९ वा अहवाल खास कोंबड्यांचे पालन आणि वाहतूक यांवरच दिला. म्हणजे काम वाढते आहे, आणि ते वाढावे असेच मला वाटते. प्रश्न एवढाच, की हे काम मुरबाड-शहापूरच्या शेडपर्यंत कोणत्या रस्त्याने येणार?

ही शेड कशी चालते ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेड, वीज, पाणी आणि घरच्यांचे कष्ट शेतकऱ्याचे. जमिनीवर भाताचे तूस पसरायचे आणि एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा द्यायची. चाळीसेक दिवसांत पिल्लू दोन किलोचे होते आणि गाडीत भरले जाते. शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला दर मिळतो. उन्हाळ्यात मर वाढली की त्याचा हिशेब कोसळतो. अशा माणसाला ‘पक्षी कमी ठेव, त्यांना मोकळी जागा दे’ असे नुसते सांगितले, तर तो विचारणार, शेडचा हप्ता तुम्ही भरता का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका पोल्ट्रीत शंभराच्या आसपास कोंबड्या मेल्या. बर्ड फ्लूचे निदान झाले आणि एक किलोमीटरच्या परिसरातले सुमारे २५,००० पक्षी मारायचे ठरले. रोग पसरू नये म्हणून ते करावे लागते, हे मान्य. पण इतके जीव इतक्या दाटीत ठेवायचे, आणि एकाला रोग झाला की सगळ्यांना मारायचे, ही पद्धतच कुठेतरी चुकते आहे असे त्या वेळी किती जणांच्या मनात आले असेल?

कायदा आहे की, असे कुणी म्हणेल. आहे ना! हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणे आणि त्याला यातना होतील अशा रीतीने त्याची ने-आण करणे, हे दोन्ही १९६० च्या कायद्याने गुन्हे ठरवले. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला दहा ते पन्नास रुपये. त्या दंडाला कोणती कंपनी भिणार? आणि उद्या दंड वाढवला, तरी पावती फाटणार ती शेडवाल्याची.

म्हणून मला सांगलीचे उदाहरण मोलाचे वाटते. तिथे २००३ साली ‘ॲनिमल राहत’ने ऊस ओढणाऱ्या बैलांसाठी काम सुरू केले. पशुवैद्य थेट बैलांपर्यंत जाऊन फुकट उपचार करू लागले. थकलेल्या बैलांना निवारा मिळाला. काही साखर कारखान्यांत बैलांच्या जागी छोटे ट्रॅक्टर आले. गाडीवानाला गुन्हेगार न ठरवता त्याच्या बैलाचे ओझे उतरवता येते, हे तिथे दिसले. संस्था वाढावी ती अशी, माणसांना धरून.

आमच्याकडे असे काम करणाऱ्यांनी मराठीत बोलणारा पशुवैद्य तालुक्याच्या ठिकाणी बसवावा. कंपन्यांच्या करारात पक्ष्यामागे जास्त जागा आणि त्या जागेचा मोबदला, दोन्ही लिहून घेण्यासाठी जोर लावावा. त्याने कोंबडी महाग होईल, हे उघड आहे. महाग झाली तर होऊ दे! आज ती स्वस्त आहे, कारण उरलेली किंमत पक्षी आणि शेडवाला भरतो आहे.

भातसा आणि तानसा आमच्या शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. कोंबडीचेही तसेच. ताटात पडते ती शहरात. दाटी, दुर्गंधी, रोगाची भीती राहते इथे. प्राण्यांची संस्था किती मोठी झाली हे कुणी मोजायला बसले, तर त्याने कार्यालये मोजू नयेत. मुरबाडच्या एखाद्या शेडमध्ये पक्ष्याला पंख पसरता आले का, आणि तरीही शेडवाल्याच्या घरातली चूल पेटती राहिली का, एवढेच येऊन पाहावे.