मुकुट आधी पाहा

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात मरण पावणारी राजकन्या आहे, असे पर्यटक ऐकून येतात आणि तेच पाहून जातात. नावच भाव ठरवून टाकते. हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. चित्र पाचव्या शतकातले, वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलेल्या विहारातले.

मग चित्र काय सांगते? मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, हातापायांतले त्राण गेले आहे. एक दासी तिला मागून सावरते, दुसरी हात हाती घेते, कुणी वारा घालते. सगळ्या नजरा तिच्याकडे वळलेल्या. एवढ्यावर थांबले तर हे आजारपणच वाटेल.

पण याच प्रसंगात एक सेवक मुकुट घेऊन आला आहे.

तो नंदाचा मुकुट. बुद्धांचा हा सावत्र भाऊ घराबाहेर पडला आणि भिक्षू झाला. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात हीच कथा आहे. चित्रात डोक्यावाचून आलेला मुकुट पाहून नंदाची पत्नी सुंदरी कोसळते. म्हणजे हे मरण नव्हे, विरह आहे. शिवाय ज्याला विहार मुक्ती म्हणतो, तिची किंमत कोण मोजते, हेही चित्रकाराने त्याच विहाराच्या भिंतीवर रंगवले.

म्हणून ‘मरणासन्न राजकन्या’ हे नाव आता सोडावे. छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर जाणाऱ्यांनी सुंदरीचा चेहरा शोधण्याआधी तो मुकुट शोधावा.